मुलाला घरी एकटं ठेवायचं, ते कोणत्या वयात आणि किती वेळ?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की काही बातम्या दरवर्षी येतात. आई दळण आणायला गेली आणि तीन वर्षांचं मूल खिडकीतून पडलं. आईवडील कामावर, भावंडं घरात, साडीच्या झोक्याचा गळ्याला फास बसला. बाहेरून कडी आणि आत आग. बातमीखालच्या प्रतिक्रियाही ठरलेल्या असतात : ‘कसले हे आईबाप!’ आणि त्या लिहिणाऱ्यांतलेही अनेकजण दुसऱ्या दिवशी ‘दार उघडू नकोस हं, मी आलेच’ म्हणून खाली भाजी आणायला जातात.

त्यांना दोष द्यायला मी हे लिहीत नाही. दोघं कमावते, आजीआजोबा गावाला, शेजारचं दार कायम बंद, अशा घरात ही वेळ येतेच. मजुरीवर चालणाऱ्या घरात तर ती रोज येते. म्हणूनच हा विषय नीट समजून घ्यायला हवा. कोणत्या वयात, किती वेळ, कशा घरात आणि कोणाच्या भरवशावर?

आधी एक गोष्ट पक्की करू. या लेखात ‘एकटं’ म्हणजे काही बिघडलं तर मिनिटभरात मुलापर्यंत पोहोचू शकेल असं जागं, हिंडतंफिरतं मोठं माणूस जवळ नसणं. या हिशेबाने अंथरुणाला खिळलेल्या आजीजवळचं मूल एकटंच आहे. रात्रपाळी करून गाढ झोपलेल्या बाबांच्या शेजारी खेळणारं दोन वर्षांचं मूलही एकटंच आहे.

कायद्यात वय दिलेलं आहे का?

भारतात अमुक वयाखालच्या मुलाला घरी एकटं ठेवू नये असा थेट नियम नाही. त्यामुळे ‘आठ वर्षांचं झालं की चालतं’ वगैरे जे ऐकू येतं, त्याला कायद्याचा आधार नाही.

पण म्हणून कायदा गप्प आहे असंही नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७५ सांगतं की, मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने जाणूनबुजून हेळसांड केली आणि त्यातून मुलाला शारीरिक किंवा मानसिक त्रास होण्याची शक्यता असेल, तर ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. भारतीय न्याय संहितेचं कलम ९३ वेगळं आहे. १२ वर्षांखालच्या मुलाला कायमचं टाकून देण्याच्या हेतूने सोडून जाण्याबद्दल ते आहे. दुकानापर्यंत गेलेल्या आईला ते लागू होत नाही.

परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी मात्र तिथला नियम आधी बघावा. न्यूझीलंडमध्ये १४ वर्षांखालच्या मुलाला पुरेशा देखरेखीची सोय न करता एकटं सोडणं हा गुन्हा आहे. अमेरिकेत राज्याराज्यात वेगळं चित्र आहे. मेरीलँडमध्ये ८ वर्षांखालच्या मुलाला एकटं ठेवता येत नाही आणि त्याच्याजवळ ज्याला ठेवायचं तो किमान १३ वर्षांचा लागतो. ब्रिटनमध्ये ठरावीक वय नाही, पण १२ वर्षांखालची मुलं फार वेळ एकटी राहण्याइतकी क्वचितच तयार असतात, असं तिथली एनएसपीसीसी ही बालसंरक्षण संस्था सांगते. १६ वर्षांखालच्या मुलाला रात्रभर एकटं ठेवू नये, असाही तिचा सल्ला आहे.

आपल्याकडे आकडा नसल्यामुळे निर्णय पालकांवर येतो. तो घ्यायचा तर बंद दाराआड नेमकं काय घडू शकतं आणि किती वेळात, हे माहीत असायला हवं.

‘दहाच मिनिटांचं तर काम आहे’

घरातले सगळ्यात गंभीर अपघात दहा मिनिटं थांबत नाहीत.

पाण्यापासून सुरुवात करू. पाणी ठरावीक वेळी येतं म्हणून मोरीत बादल्या आणि पिंप भरून ठेवलेलं असतं. वर्ष-दीड वर्षाच्या मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं. बादलीत पडलेला चमचा काढायला ते वाकतं, तोल पुढे जातो, डोकं आत आणि पाय वर. स्वतःला मागे ढकलायची ताकद त्या हातांत नसते. बादली काठोकाठ भरलेली असायचीही गरज नाही. नाकतोंड बुडेल एवढं, म्हणजे ५ सेंटिमीटर पाणीही पुरतं. आणि मोठे इथेच चुकतात : बुडणारं मूल ओरडेल, धडपडीचा आवाज येईल असं त्यांना वाटत असतं. तोंड पाण्यात असलेलं मूल ओरडत नाही. मिनिट-दोन मिनिटांत शुद्ध जाते आणि चार ते सहा मिनिटं प्राणवायू मिळाला नाही तर मेंदूला कायमची इजा होऊ लागते.

गावाकडे याच पाण्याची रूपं वेगळी : बिनकठड्याची विहीर, गुरांचा हौद आणि गेल्या काही वर्षांत शेततळं. शेततळ्यात पाणी मुरू नये म्हणून प्लास्टिकचा कागद अंथरतात. त्याचा उतार तीव्र असतो, ओला झाला की त्यावर शेवाळ धरतं, आणि आत घसरलेल्या माणसाला धरायला काहीच सापडत नाही. पोहता येणारा मोठा माणूसही तिथे अडकतो. त्यामुळे वस्तीजवळच्या शेततळ्याला तारेचं कुंपण आणि पाण्यापर्यंत पोहोचतील असे गाठी मारलेले दोन-तीन दोर बांधणं याला पर्याय नाही.

आता खिडकी. यातला एक भाग फारसा कुणी बोलत नाही. मूल झोपलंय असं बघून आई खाली जाते. मूल मध्येच जागं होतं, आई दिसत नाही, आणि आईला शोधायला ते खिडकीपाशीच जातं. आपण बाहेर जाताना रोज खिडकीतूनच तर त्याला ‘टाटा’ करायला लावतो! खिडकीला लागून पलंग, बाल्कनीत कठड्याजवळ वॉशिंग मशीन किंवा चपलांचं कपाट असेल तर चढायला पायरी तयारच असते. डासांसाठी लावलेल्या जाळीला मूल टेकून उभं राहतं, ती वजन पेलत नाही, चौकटीसकट निघते. सरकत्या खिडकीचं तसंच : अर्धी उघडी ठेवलेली काच सरकवणं तीन वर्षांच्या मुलाला सहज जमतं.

खिडक्यांबाबतीत एक अनुभव मुद्दाम सांगण्यासारखा आहे. न्यूयॉर्कमध्ये १९७०च्या सुमारास उंच इमारतींतून लहान मुलं पडण्याच्या घटना फार होत होत्या. १९७२ साली शहराच्या आरोग्य खात्याने घरोघरी जाऊन पालकांना समजावणं आणि खिडक्यांना आडवे लोखंडी गज फुकट बसवून देणं सुरू केलं. ब्रॉन्क्स भागात असं पडण्याचं प्रमाण दोन-तीन वर्षांत जवळपास निम्म्यावर आलं. १९७६ मध्ये नियमच झाला : १० वर्षांपर्यंतचं मूल असलेल्या घराला असे गज बसवणं ही घरमालकाची जबाबदारी. तिथल्या आया एकाएकी जास्त सावध झाल्या नव्हत्या, खिडकी बदलली होती. आपल्याकडे काही सोसायट्या ‘इमारतीचं दर्शनी रूप बिघडतं’ म्हणून ग्रिल लावू देत नाहीत. मला हे अजिबात पटत नाही. ग्रिल आतल्या बाजूनेही बसवता येतं. गजांमधलं अंतर १० सेंटिमीटरपेक्षा कमी हवं आणि आगीत बाहेर पडता यावं म्हणून त्यातला एक भाग उघडणारा हवा, त्याची चावी मोठ्यांना लगेच सापडेल अशी.

साडीचा किंवा ओढणीचा झोका हा मोठ्या मुलांचा धोका आहे. सात ते बारा वर्षांची मुलं, जी आता ‘शहाणी झाली’ म्हणून एकटी ठेवली जातात, तीच यात सापडतात. बाळासाठी हुकाला बांधलेली झोळी तशीच असते, मोठं भावंड त्यात बसून गिरक्या घेतं, कापडाला पीळ पडतो आणि तो गळ्याशी आवळतो. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या की मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो आणि दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते. पीळ सोडवायला किंवा हाक मारायला वेळच मिळत नाही. शेजारच्या खोलीतल्या माणसालाही कळत नाही. बाळ झोपून उठलं की झोळी हुकावरून काढून ठेवायची, एवढीच खबरदारी आहे आणि ती फुकट आहे.

गिळण्याच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. फिनाइल, रॉकेल, कीटकनाशक कधीही कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवू नये. आजोबांच्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात, काही वेळा एकदोन गोळ्याही. रिमोट, खेळणी, वजनकाटा यांत नाण्यासारखी चपटी बॅटरी असते. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते. असं काही गिळल्याची नुसती शंका असली तरी उलटी करायला लावू नये, डबा किंवा बाटली बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठावा.

आणि आग. आगीत बहुतेक बळी ज्वाळांच्या आधी धूर घेतो. मोठा माणूस दाराकडे पळतो, लहान मूल घाबरून पलंगाखाली किंवा कपाटात लपतं. बाहेरच्यांना घर रिकामं वाटतं.

मग बाहेरून कुलूप लावलं तर?

‘निदान रस्त्यावर तरी जाणार नाही’ म्हणून अनेकजण बाहेरून कडी घालतात. रस्त्याची भीती खोटी नाही. पण कुलपाने मुलाचे हात गॅसच्या बटणापासून, बादलीपासून किंवा खिडकीपासून दूर राहत नाहीत. त्याच्या बाहेर पडण्याची आणि दुसऱ्या कोणाच्या आत येण्याची वाट मात्र बंद होते. आग, गॅसगळती, शॉर्टसर्किट यांत हाच फरक जीवघेणा ठरतो. म्हणून मूल आत असताना बाहेरून कुलूप लावणं मला सगळ्यात वाईट उपाय वाटतो. अगदीच इलाज नसेल तर दुसरी चावी शेजारी हवी, आणि ‘आत मूल आहे’ हे त्या घराला माहीत हवं.

फ्लॅटच्या दाराचं लॅच हा याचाच छोटा भाऊ. कचऱ्याचा डबा ठेवायला आई बाहेर येते, वाऱ्याने दार लागतं, चावी आत, मूल आत, गॅसवर दूध. दाराबाहेर पाऊल टाकताना चावी हातात, हा नियम बाळ घरी आल्या दिवसापासून सगळ्यांनी पाळावा.

‘त्याला सगळं समजतं हो!’

समजतं, हे खरंच आहे. चार वर्षांचं मूलही ‘गॅसला हात लावायचा नाही’ हे घडाघडा सांगतं. पण नियम माहीत असणं वेगळं आणि मोह झाला, भीती वाटली किंवा काही अनपेक्षित घडलं की त्या क्षणी तो नियम वापरता येणं वेगळं. मनाला आवर घालणं, पुढचं डोळ्यांसमोर आणणं आणि ठरवलेला बेत ऐनवेळी बदलणं, या तिन्ही कौशल्यांना मिळून मानसशास्त्रात कार्यकारी क्षमता म्हणतात. ती मेंदूच्या कपाळामागच्या भागावर अवलंबून असते आणि तो भाग सगळ्यात सावकाश, विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत राहतो.

सहा-सात वर्षांच्या मुलाला पाढे कसे येतात ते आठवा. ‘सात एके सात’पासून सुरू केलं तर शेवटपर्यंत न चुकता म्हणतं. पण मध्येच ‘सात आठं किती?’ विचारलं की थबकतं आणि मनातल्या मनात पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. सुरक्षिततेचे नियमही या वयात असेच, ओळीने पाठ असतात. शाळेतून आलं, चावी काढली, दार लावलं, आईला फोन केला, इथपर्यंत सगळं सुरळीत. पण चावीच हरवली तर? लाइट गेली तर? दाराबाहेर बाबांच्या ओळखीचे काका उभे राहिले तर? अशा वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला सवड नसते.

वयाचा माझा अंदाज असा आहे, आणि तो सावध बाजूला झुकलेला आहे हे मान्य करते. सहाच्या आतलं मूल एकटं नको, झोपलेलंही नको, पाच मिनिटंही नको. सहा ते आठ या वयात शेजारचं दार उघडं आहे आणि शेजारी लक्ष ठेवून आहेत, अशा भरवशावर आपण इमारतीच्या आवारात असताना थोडा वेळ चालेल, तो एकटेपणा नव्हेच. नऊ ते अकरा वर्षांच्या मुलाला तयारी करून घेतल्यावर दिवसा अर्धा-पाऊण तास. बारानंतर दोन-तीन तास. रात्र त्यात मोजायची नाही. हे आकडे तुमच्या मुलाच्या स्वभावाने वरखाली होतील. शांत, घाबरट मूल अनेकदा सुरक्षित राहतं पण मनातून फार सोसतं. अंधाराच्या, एकटेपणाच्या भीतीने ते नखं खायला लागलं, झोपेत दचकायला लागलं, तर बारा पूर्ण झाले असले तरी ते तयार नाही.

‘ताई आहे ना त्याच्याजवळ’

नऊ वर्षांची ताई आणि दोन वर्षांचा भाऊ. घरोघरी हे चित्र आहे आणि त्यात माया आहे, याबद्दल शंका नाही. पण नऊ वर्षांची मुलगी स्वतःला जेमतेम सांभाळू शकते. भावाला ठसका लागला तर पाठीत कसं थोपटायचं, तो पिंपात पडला तर वर कसा ओढायचा, हे तिला शिकवलेलं नसतं आणि बहुतेकदा तेवढी ताकदही नसते. दोघं एकटी असली तर धोका अर्धा होत नाही. काही वेळा वाढतो, कारण भांडण, पाठलाग आणि ‘बघ मी चढून दाखवतो’ या गोष्टी एकट्या मुलापेक्षा दोघांत जास्त होतात.

शिवाय काही झालंच तर ते ओझं ती मुलगी जन्मभर वाहते. आणि काही झालं नाही तरी तिची शाळा बुडते. लहान भावंडांना सांभाळायला घरी थांबणं हे मुलींची शाळा सुटण्यामागचं जुनं कारण आहे, ऊसतोडणीच्या पट्ट्यात तर आजही.

‘घरात कॅमेरा लावलाय, मी ऑफिसातून बघतो’

कॅमेरा दाखवतो, उचलून घेत नाही. तुम्ही अंधेरीत आणि मूल डोंबिवलीत असेल तर पडद्यावर दिसलेल्या संकटापर्यंत पोहोचायला तुम्हाला दीड तास लागेल. कॅमेऱ्याचा उपयोग एकाच परिस्थितीत आहे : तो बघून तुम्ही ज्याला फोन कराल, तो माणूस दोन मिनिटांत दारात असेल. तेव्हा कॅमेऱ्याच्या आधी तो माणूस शोधावा लागतो.

‘अनोळखी माणसाला दार उघडू नको’ या शिकवणीचंही असंच अपुरेपण आहे. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पोक्सो कायद्याखाली नोंदल्या जाणाऱ्या बहुसंख्य गुन्ह्यांत आरोपी मुलाच्या ओळखीचाच असतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी वर्षानुवर्षं दाखवते आहे. त्यामुळे मुलाला सांगायचं ते इतकं : आई-बाबांनी फोनवर स्वतः सांगितल्याशिवाय दार कोणालाही उघडायचं नाही. काकांना नाही, शिकवणीच्या सरांनाही नाही. ‘बाबा घरात नाहीत’ असंही दाराआडून सांगायचं नाही.

‘आम्ही नाही का असेच वाढलो?’

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि त्यात तथ्य आहे. चाळीत, वाड्यात, वस्तीवर मुलं दिवसभर मोकळी असायची. पण ती एकटी नव्हती. दारं उघडी असत, गॅलरीत कोणी ना कोणी निवडत-टिपत बसलेलं असे, आणि दुसऱ्याच्या मुलाला ओरडायचा हक्क सगळ्यांना होता. आजचा विसाव्या मजल्यावरचा बंद दाराचा फ्लॅट ही अगदी निराळी जागा आहे. आणि त्या काळीही विहिरीत, चुलीपाशी मुलं गेलीच की. जुन्या माणसांना विचारलं तर जवळपास प्रत्येक घरात अशी एक आठवण निघते.

मग आईने नोकरी सोडायची का?

नाही. (आणि हा प्रश्न दरवेळी आईलाच का विचारला जातो, बाबांना का नाही, हेही विचारायला हवं.) उत्तर कुठे आहे ते शेजारच्या बांगलादेशाने दाखवलं आहे. तिथे एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंत बुडणं हे फार मोठं कारण होतं. अभ्यासकांनी नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की बहुतेक मुलं सकाळी नऊ ते दुपारी एकच्या दरम्यान, घरालगतच्याच डबक्यात बुडतात, म्हणजे आई स्वयंपाकात आणि बाप शेतावर असताना. मग गावागावांत ‘आंचल’ नावाची साधी पाळणाघरं निघाली. गावातल्याच एका बाईला प्रशिक्षण द्यायचं आणि तिने त्याच चार तासांत एक ते पाच वर्षांची मुलं सांभाळायची. तिथे येणाऱ्या मुलांत बुडून मरण्याचं प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी कमी झालं. महागडं यंत्र नाही, इमारत नाही, धोक्याच्या तासांत एक जागं माणूस, इतकंच.

आपल्याकडे याची बीजं जुनी आहेत. बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी मोबाइल क्रेशेस ही संस्था १९६९ साली दिल्लीत सुरू झाली आणि पुढे मुंबईतही तिचं काम उभं राहिलं. कायदेही आहेत. जुन्या कारखाना कायद्यानुसार ३० हून जास्त महिला कामगार असतील तर पाळणाघर लागायचं. इमारत बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यात ५० हून जास्त महिलांसाठी तशीच तरतूद होती. २०१७ साली प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची जबाबदारी आली आणि आईला दिवसातून ४ वेळा मुलाला भेटायची मुभा मिळाली. सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद ठेवली आहे. या तरतुदीतला ५० हा आकडा महिलांचा नसून एकूण कर्मचाऱ्यांचा आहे, हे अनेकींना माहीतच नसतं. ऑफिसात पाळणाघर नसेल तर मनुष्यबळ विभागाला लेखी विचारा, चार-पाच जणींनी मिळून विचारा.

सरकारच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची कल्पना आहे. ती चांगली आहे, कारण नेहमीची अंगणवाडी दुपारी सुटते आणि आई संध्याकाळी परतते. मधले तासच धोक्याचे. बीडसारख्या जिल्ह्यांत तोडणीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं असतात, पण ती शाळेत जाणाऱ्या मुलांची. दीड-दोन वर्षांचं मूल फडातच येतं, पाचटावर झोपतं आणि ट्रॅक्टर मागे घेताना ते दिसत नाही. त्याच्यासाठी फडाच्या कडेला एक सावली आणि एक सांभाळणारी बाई, एवढी मागणी कारखान्यांकडे करायलाच हवी.

शहरातली उत्तरं लहान आहेत पण चालतात. एकाच मजल्यावरच्या तीन घरांनी वार वाटून घ्यायचे. इमारतीतल्या एखाद्या निवृत्त काकूंना रीतसर पैसे देऊन शाळेनंतरचे दोन तास मागायचे. फुकटात नको, कारण फुकटच्या मदतीला ‘आज जमणार नाही’ म्हणायचा संकोच असतो आणि मग ऐनवेळी गोंधळ होतो.

मोठ्या मुलाची तयारी कशी करायची?

नुसत्या सूचनांनी होत नाही, सराव करावा लागतो. एखाद्या रविवारी आपण घरातच, पण दुसऱ्या खोलीत बसायचं आणि मुलाने एकटं असल्यासारखं वागायचं. मग त्याला न सांगता बेल वाजवायला शेजाऱ्यांना पाठवायचं. एकदा मेन स्विच बंद करायचा. फोन लॉक असताना तातडीचा कॉल कसा लावतात ते त्याच्याकडून करून घ्यायचं. बरीचशी हुशार मुलं इथेच अडकतात, कारण बाबांच्या फोनवर खेळ लावता येतो पण नंबर एकही पाठ नसतो. दोन नंबर तोंडपाठ हवेत, आणि तातडीच्या मदतीचा ११२.

११२ लागला तर सांगायचं काय, हेही म्हणून घ्यावं : नाव, इमारतीचं नाव, मजला, जवळची खूण. घाबरलेलं मूल ‘माझ्या घरी या’ म्हणतं आणि फोन ठेवतं.

गॅसचा रेग्युलेटर बंद करूनच घराबाहेर पडायचं. खायचं थंड, आधीच काढून ठेवलेलं. बाथरूमला आतून कडी घालायची नाही. धुराचा वास आला तर काहीही न उचलता बाहेर, लिफ्टने नाही, जिन्याने. आणि सगळ्यात महत्त्वाचं, काही फुटलं, सांडलं, बिघडलं तर सांगितल्यावर मार बसणार नाही, याची मुलाला खात्री हवी. ओरडा बसेल या भीतीने मुलं भाजलेला हात लपवतात आणि गिळलेली गोळीही लपवतात.

शेजारच्या घरात मूल एकटं दिसलं तर?

आधी बोला, आणि बोलताना सुरुवात मदतीने करा : ‘तुम्ही येईपर्यंत आमच्याकडे बसू दे.’ बहुतेक आईवडील लाजेने मागत नाहीत, पण दिलं तर घेतात. लहान मूल रोज तासन्तास कोंडलेलं असेल, उपाशी किंवा घाबरलेलं असेल आणि बोलूनही फरक पडत नसेल, तर १०९८ वर फोन करा. १९९६ साली मुंबईतून सुरू झालेली ही मुलांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास आणि मोफत आहे. तक्रार जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपर्यंत गेली म्हणजे मूल हिरावून नेतात, असं नसतं. शक्य तोवर मूल स्वतःच्या कुटुंबातच राहावं, हे बाल न्याय कायद्याचं मूळ तत्त्वच आहे, आणि समिती पालकांना बोलावून आधी सोय कशी करता येईल ते बघते.

बंद दाराआडून धूर किंवा गॅसचा वास आला, किंवा रडणं अचानक थांबलं तर मात्र पालकांच्या फोनची वाट बघायची नाही. ११२ ला फोन लावून एकाने बोलत राहायचं आणि बाकीच्यांनी दार उघडायचं, चावी नसेल तर तोडायचं. गॅसचा वास असेल तर बेल वाजवायची नाही, जिन्यातला दिवाही लावायचा नाही. दारावर हाताने थापा मारायच्या.